झोळी, वायर आणि परवाना

एड शीरन गात असताना पोलिसाने वायर काढली, ती बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरची चित्रफीत बहुतेकांनी पाहिली आहे. 9 फेब्रुवारी 2025 चा तो रविवार. त्याच दिवशी शहरात त्याचा तिकीट लावलेला मोठा कार्यक्रम होता. त्याआधी गिटार, माइक आणि पदपथ एवढ्या भांडवलावर तो रस्त्यात उभा राहिला. गर्दी जमली, गणवेशातला माणूस पुढे आला आणि जगभर मैदाने भरवणारा आवाज एका झटक्यात बंद झाला. रस्ता गजबजलेला असल्याने परवानगी नाकारली होती, असे पोलिसांचे म्हणणे. परवानगी घेतलेली होती, असे शीरनचे. तो वाद दोन दिवसांत विरला. रस्त्यावर गाणारा माणूस कायद्याच्या लेखी नेमका कोण, हा त्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे.

गावगाड्याने त्याचे उत्तर आपल्यापुरते देऊन ठेवले होते. पहाटे दारात येणारा वासुदेव, किंगरीवर भर्तरीची कथा गाणारा नाथजोगी, देवीचा गोंधळी यांच्या झोळीत पडणारे सूपभर धान्य म्हणजे कोणी केलेली कीव नव्हती. तो त्यांचा ठरलेला वाटा होता. वासुदेव ‘दान पावलं’ म्हणतो, तेव्हा एका अर्थाने तो पावतीच देत असतो. शहरात दार बंद झाले, उंबरठा चौथ्या मजल्यावर गेला आणि गाणारा रस्त्यावर, पुलावर, लोकलच्या डब्यात आला. वाटा गेला, सुट्टे पैसे उरले.

शहर आणि हा गाणारा यांची पहिली गाजलेली लढाई एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची. तिचा सेनापती चार्ल्स बॅबेज, म्हणजे ज्याला संगणकाचा आद्य जनक म्हणतात तोच गणिती. पट्टा गळ्यात अडकवून हँडल फिरवत पेटी वाजवणाऱ्या इटालियन वादकांनी त्याचे डोके उठवले होते. बॅबेजने तक्रारही गणिताच्या शिस्तीत केली. एकूण 165 व्यत्यय, असा हिशेब त्याने 1864 च्या आत्मचरित्रात मांडला आणि आपली चतुर्थांश कार्यशक्ती या वाद्यांनी खाल्ली, असे ठरवून टाकले. खोडकर मंडळी मग मुद्दाम त्याच्याच दाराशी वाजवू लागली. चार्ल्स डिकन्ससारखे लेखकही तक्रारदारांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी कायदा झाला. आजारपण किंवा कामातला व्यत्यय असे कारण देऊन वादकाला घरासमोरून हटवण्याचा अधिकार रहिवाशाला मिळाला. कायदा कडक होता खरा, पण त्याचा रोख आवाजावर होता. वाजवणारा वादक आहे, हे त्याने नाकारले नाही.

मुंबईच्या कायद्याने ते नाकारले. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959 मधली भीक मागण्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे. मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकणे अशा कोणत्याही मिषाने असो वा नसो. कळीचा शब्द ‘मिष’. गाणे हे बहाण्यात जमा आहे, असे कायदा आधीच गृहीत धरतो. सुरात गातो की बेसूर, कोणाला त्रास होतो की नाही, रस्ता अडतो की मोकळा राहतो, यातले काहीही तपासायची गरज त्याला वाटत नाही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली, पण दिल्लीपुरतीच. महाराष्ट्रातल्या व्याख्येला त्या निकालाचा हात लागला नाही.

इतर शहरांनीही आधी बंदीच करून पाहिली. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी 1936 मध्ये घातलेली बंदी 1970 पर्यंत टिकली. पुढे 1985 मध्ये त्याच शहराच्या भुयारी रेल्वेने वादकांची निवड करून त्यांना जागा नेमून देणे सुरू केले. पॅरिसच्या मेट्रोने 1997 मध्ये आणि लंडनच्या भुयारी रेल्वेने 2003 मध्ये हाच मार्ग धरला. लंडनची पद्धत साधी आहे: चाचणी, परवाना, ठरलेली वेळ आणि फरशीवर रंगवलेले एक अर्धवर्तुळ. वादकाने त्याच्या आत उभे राहायचे, प्रवाशांनी बाहेरून जायचे. रस्ता अडत नाही आणि वादकालाही दर दहा मिनिटांनी गाशा गुंडाळावा लागत नाही. चाचणीमुळे बेधडक, विक्षिप्त कलावंत गाळले जातात, हा आक्षेप खरा आहे. तरी त्या अर्धवर्तुळात उभ्या माणसाला भिकारी म्हणता येत नाही, ही मिळकत थोडी नाही.

जागेचे हे महत्त्व न ओळखल्यामुळेच एका प्रसिद्ध प्रयोगाचा अर्थ चुकीचा लावला जातो. 12 जानेवारी 2007 रोजी वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात सकाळी आठच्या सुमारास जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल याने ओळख लपवून 43 मिनिटे व्हायोलिन वाजवले. वाद्य 1713 मधले स्ट्रॅडिव्हेरियस, सुरुवात बाखच्या रचनेने. 1,097 माणसे गेली, सात जण जरा थांबले, 27 जणांनी पैसे टाकले. त्याला ओळखणाऱ्या एकीची वीसची नोट सोडली तर जमले सुमारे 32 डॉलर. यावरच्या लेखाला 2008 चे पुलित्झर मिळाले आणि शहरी माणसाला कान उरले नाहीत, हा धडा तेव्हापासून गिरवला जातो. पण आठच्या ठोक्याला कचेरी गाठणाऱ्याची ही परीक्षाच खोटी होती. दादरच्या पुलावर पावणेनऊला साक्षात गंधर्व उतरला तरी 8.52 ची लोकल त्याच्यासाठी थांबणार नाही. त्या सकाळच्या चित्रीकरणातला तीन वर्षांचा मुलगा अधिक काही सांगून जातो. आई हात ओढत नेत होती, तो मान वळवून मागे पाहत होता. शेवटी आईनेच मध्ये येऊन वादक झाकला. बेलजवळून गेलेल्या प्रत्येक लहान मुलाने थांबायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाला मोठ्यांनी पुढे नेले. 2014 मध्ये बेल त्याच शहरातल्या युनियन स्टेशनात आधी जाहीर करून, दुपारच्या वेळी वाजवायला उभा राहिला, तेव्हा तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती. कान होतेच. पहिल्या खेपेला जागा आणि वेळ चुकली होती.

मुंबई-पुण्यात रंगवलेली अर्धवर्तुळे यायला निधी, समित्या आणि बैठका लागतील. पेटीला क्यूआर कोड चिकटवलेला गायक तोवर पुलावर गातच राहील आणि शिट्टी वाजली की पळेल. त्याच्यासाठी आज करता येण्याजोगी गोष्ट बिनखर्चाची आहे. 1959 च्या कायद्यातल्या व्याख्येतून ‘गाणे’ हा शब्द विधिमंडळाने काढून टाकावा.