आपलं घर, आपली किल्ली (भाग 7) : मदतनीस कोणाचा?

मागच्या भागात रॅम्प आणि न्हाणीघराचं गणित मांडलं होतं. एक फूट चढायचं तर 12 फुटांचा रॅम्प, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, खुर्ची वळेल एवढी जागा. हे सगळं झालं तरी सकाळी पलंगावरून त्या खुर्चीत घेणार कोण, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं असतं : आई. नाहीतर बायको, बहीण, वहिनी. ऐपत असेल तर ब्युरोतून मावशी किंवा मामा येतात. पहिल्या दिवशी मावशी दारातच विचारतात, "यांना काय काय लागतं?" 'यांना' म्हणजे समोर खुर्चीत बसलेल्या, घरचं लाइटबिल आपल्या मोबाइलवरून भरणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला. उत्तर आई देते. पुढे मग आंघोळ कधी, जेवायला कधी बसायचं, कुठला शर्ट, सगळं मावशींच्या ड्युटीवर ठरतं. ड्युटी आठला संपते, म्हणून हा गडी साडेसातला अंथरुणात. मित्र नऊला जमतात, त्याला कोण काय करणार!

यात मावशींचा दोष नाही आणि आईचा तर नाहीच. पण या माणसाचं स्वातंत्र्य जातं ते नेमकं इथे. शर्टाची बटणं स्वतःला लावता येत नाहीत, हे त्याने कधीच पचवलेलं असतं. कुठला शर्ट घालायचा हे दुसऱ्याने ठरवणं मात्र पचत नाही.

ही गोष्ट साठ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या काही विद्यार्थ्यांनी ओळखली. एड रॉबर्ट्स चौदाव्या वर्षी पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा झाला. झोपताना श्वासासाठी त्याला 'आयर्न लंग' नावाच्या लोखंडी नळकांड्यात राहावं लागे. शिक्षणाचा खर्च मागायला गेल्यावर राज्याच्या पुनर्वसन खात्याने, हा कधी नोकरी करू शकणार नाही, असं म्हणत आधी नकारच दिला. तरी 1962 साली तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. ते अवजड यंत्र वसतिगृहाला पेलणारं नव्हतं, म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात केली. पाठोपाठ जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण, आणि सगळ्यांनी मिळून स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

रुग्णालयात राहूनही त्यांनी रुग्ण व्हायचं नाकारलं, ते मदतनिसांच्या जोरावर. मदतनिसाचे पैसे सरकारचे, पण माणूस निवडणारे, त्याला काम शिकवणारे आणि जमलं नाही तर काढून टाकणारे हे विद्यार्थीच. 1970 साली त्यांनी विद्यापीठातच स्वतःचा कार्यक्रम उभा केला. मदतनिसांची यादी, राहण्याजोग्या खोल्यांची यादी आणि व्हीलचेअर दुरुस्तीची सोय एवढ्यावर त्याचं काम चाले. यातली दुरुस्ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. खुर्ची बंद पडली की वापरणारा जागच्या जागी अडकतो, आणि हे खुर्ची वापरणाऱ्यालाच आधी सुचणार. विद्यापीठाबाहेरचेही लोक मदत मागायला येऊ लागले, तेव्हा 1972 साली बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' सुरू झालं. तिथे सल्ला देणारेही बहुतेक अपंगच. 1975 साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक नेमले, ते एड रॉबर्ट्स!

युरोपात हीच वाट अडॉल्फ रात्स्का या जर्मन माणसाने रुळवली. सतराव्या वर्षी पोलिओ, मग पाच वर्षं रुग्णालयात. 1966 साली लॉस एंजेलिसला शिकायला गेल्यावर तिथल्या सरकारी पैशातून त्याने बरोबरच्या विद्यार्थ्यांनाच मदतनीस म्हणून ठेवलं. पुढे तो स्वीडनमध्ये स्थायिक झाला. तिथे सरकारी सेवा होती, पण कोण येणार, कधी येणार हे नगरपालिका ठरवी. त्याने आणि साथीदारांनी 1984 साली स्टॉकहोममध्ये सहकारी संस्था काढली, तीही अपंगांच्याच मालकीची. 1994 पासून स्वीडनमध्ये वैयक्तिक मदतनीस हा कायदेशीर हक्क झाला. माणसाच्या गरजेप्रमाणे तास मंजूर होतात आणि ते तास नगरपालिकेकडून घ्यायचे, सहकारी संस्थेकडून की स्वतः माणूस नेमून, हे तो ठरवतो. तास कापले जातात म्हणून तिथेही आता ओरड आहे. खर्च मोठा आहे, हे खरंच.

मदतनीस आपला असतो म्हणजे काय, ते एका पाच मिनिटांच्या कामात दिसतं. मणक्याला इजा झालेली बाई पलंगावरून खुर्चीत येते आहे. नव्या मदतनिसाला ती सांगते : खुर्ची पलंगाला तिरकी लाव. दोन्ही ब्रेक. फूटरेस्ट बाजूला कर. काखेत हात घालून ओढू नको, खांदा जाईल. आता बोर्ड माझ्या मांडीखाली सरकव, तीन म्हटल्यावर ढकल. खुर्चीत बसल्यावर : मागे बघ, चादरीची घडी राहिली का? कमरेखाली तिला संवेदना नाही. घडी टोचत राहिली तरी कळणार नाही, आणि माकडहाडावर पडलेली जखम भरायला महिनोन्महिने जातात. अंगाला हात मदतनिसाचे लागले, पण काम तिने केलं. असं सांगता येणं ही शिकण्याची गोष्ट आहे आणि आपल्या पुनर्वसन केंद्रांत ती व्यायामाइतकी मन लावून शिकवली जायला हवी. शिकवणारेही अपंगच असू शकतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन पुष्कळांनी वाचलं असेल. त्यांनी 1984 साली उभ्या केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'मध्ये अपंगांनी अपंगांसाठी काम करणं ही नवलाई नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं की समाजात राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये यासाठी सरकारने झटावं, आणि मिळायच्या सेवांमध्ये वैयक्तिक मदतनीसही यावा. कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे. 'सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शेपूट अर्थातच त्याला जोडलेलं आहे. यात भत्ता अपंग व्यक्तीला द्यायचा आहे. केरळची 'आश्वासकिरणम' योजना महिना 600 रुपये देते, पण सांभाळणाऱ्याला. घरातल्या बाईच्या कष्टाची कोणीतरी दखल घेतली, हे चांगलंच. मात्र मदतनीस निवडण्याची सत्ता 600 रुपयांत येत नाही, आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात असतील तर मुळीच नाही.

दुसरी बाजू मावशींची. बारा तासांची ड्युटी, रविवारची सुट्टी अनिश्चित, ब्युरोचं कमिशन कापून हातात येणारा पगार. खुर्चीतल्या माणसाला मालक व्हायचं असेल तर मालकाची जबाबदारीही आली : कामाचे तास आधी ठरवणं, रजेच्या दिवशी दुसरा माणूस बघून ठेवणं, पगार वेळेवर देणं. बर्कलीची पोरं हेही चुकतमाकतच शिकली असणार.

पालकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : "आमच्यानंतर याचं कसं होणार?" साठीतली आई हे विचारते तेव्हा मुलगा चाळिशीला टेकलेला असतो आणि परक्या हाताने एकदाही आंघोळ केलेली नसते. मग घाईघाईने संस्था शोधली जाते. माझं म्हणणं एवढंच की मदतनीस विसाव्या वर्षी ठेवावा, आई धडधाकट असताना, आठवड्यातून दोन सकाळी का होईना. पगाराचं पाकीट मुलाच्या हातून जावं आणि मावशींनी काय ते त्यालाच विचारावं. जास्त आधाराची गरज प्रमाणित करून घ्यायला कलम 38 खाली अर्ज करता येतो. तो स्वतः करता येतो, किंवा आपल्या वतीने दुसरी व्यक्ती वा संस्थाही करू शकते.

ज्यांना बोलून सांगणं जमत नाही, हिशेब कळत नाहीत, त्यांनी मदतनीस कसा निवडायचा? तो पुढच्या भागाचा विषय.