दाताची कीड आणि घड्याळ



‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. ही कीड म्हणजे खरोखरीची अळी असावी, अशी समजूत पूर्वी पुष्कळ देशांत होती. आपल्याकडेही रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेऊन ही अळी बाहेर काढण्याचा उपाय करीत. पण दातात अळी नसते. मग दात पोखरतो कोण?

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर मांडले. काढलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराइतक्या उबेत ठेवले. ते मऊ पडू लागले. मिश्रण आधी उकळून घेतले, तर मात्र दात शाबूत राहिले! उकळल्याने लाळेतील जिवाणू मेले होते. याचा अर्थ, जिवाणू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क (एनॅमल), हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो. एवढा कठीण पदार्थ सौम्य आम्लाने कसा विरघळेल, अशी शंका तुम्हांला येईल. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये बुडवून दुसऱ्या दिवशी पाहा. ते मऊ पडलेले किंवा नाहीसे झालेले आढळेल. कवचाचे द्रव्य दातापेक्षा वेगळे आहे आणि दात इतक्या झपाट्याने विरघळत नाही. पण आम्ल दोहोंतूनही कॅल्शियम काढून घेते.

आम्लता आपण सामूने (पीएच) मोजतो. उदासीन पाण्याचा सामू ७. सामू एकने उतरला, की आम्लता दहापट होते. म्हणजे सामू ५ असताना ती शंभरपट असते. दातांवरील चिकट थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. मात्र लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट असल्याने गेलेले खनिज काही प्रमाणात परतही येते. अशी ही देवघेव दिवसभर चालू असते.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने अँटिमनीच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडांनी दातांवरील थराचा सामू मोजला. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर सामू काही मिनिटांतच कोसळला आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागला.

आता एक सोपे गणित करू. प्रत्येक खाण्यानंतर सामू २० मिनिटे धोक्याच्या रेषेखाली राहतो, असे धरा. दिवसातून तीनदा खाणाऱ्याच्या दातांवर ६० मिनिटे हल्ला होईल. त्याशिवाय मधूनमधून पाच लिमलेटच्या गोळ्या खाणाऱ्याच्या दातांवर ८ × २० = १६० मिनिटे! त्याच पाच गोळ्या जेवणाबरोबर खाल्ल्या असत्या, तर एवढी वाढ झाली नसती. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत हेच दिसले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दातांची कीड थोडी वाढली; दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफींनी ती फार वाढली. पण हे ज्ञान मिळाले ते मतिमंद रुग्णांचे दात किडवून. असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाही.

मग आपण काय करावे? गोड खायचेच तर जेवणाबरोबर खावे. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी. पण चिकट थर चुळीने निघत नाही, त्यासाठी ब्रशच हवा. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्री दात घासणे कधीही चुकवू नये. टूथपेस्टमधील फ्लुओराइडमुळे दंतवल्क आम्लाला अधिक दाद देत नाही. पेस्ट मात्र गिळू नये. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या पाण्यात फ्लुओराइड जास्त असते. तेथे बालपणापासून ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. वाळू किंवा विटेच्या चुऱ्याने दात घासू नयेत. वाळूतील क्वार्ट्झची कठिनता ७, तर दंतवल्काची सुमारे ५. तेव्हा ओरखडा कोणावर उठेल ते तुम्हीच सांगा. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिला तोंडात थाराच नको!

कीड लागण्याची पहिली खूण म्हणजे दातावरचा खडूसारखा पांढुरका डाग. या टप्प्यावर खनिज परत येऊ शकते. दंतवल्कात जिवंत पेशी नसल्याने एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरून येत नाही. दंतवैद्याकडे जावेच लागते.

आज रात्री आलेख-कागद घ्या. आडव्या अक्षावर दिवसाचे तास मांडा आणि ज्या ज्या वेळी तोंडात काही गोड गेले, तेथे एक खूण करा. दोन खुणांमध्ये लाळेला किती अवकाश मिळाला, तेही मोजा. शिक्षकांनी वर्गातील असे आलेख शेजारी शेजारी लावले, तर चर्चेला उत्तम विषय मिळेल.