नायटा: घरी काय करावं, डॉक्टरकडे कधी जावं

पावसाळ्यात जांघेत, कमरेला गोल, खाजरा चट्टा उठला की आपण मेडिकलमधून एक ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, आणि फसगत इथेच होते. अशा अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याची गोल कड पुसट होते, मग डॉक्टरलाही निदान अवघड जातं. त्वचा पातळ होते ती वेगळीच. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. त्यात नायट्याला कारणीभूत असलेली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला अनेकदा दाद देत नाही.

'डॉक्टरची फी परवडत नाही' हा आक्षेप खरा आहे. पण चार ट्यूबांचा खर्च आणि लांबलेला आजार धरला तर स्वस्त काय? सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत चट्टा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधी तपासणी आहे. हळद, कडुलिंबाचं म्हणाल, तर प्रयोगशाळेत बुरशी रोखणं वेगळं आणि जिवंत त्वचेत ती मारणं वेगळं. घरचं काम मात्र कमी नाही: अंग कोरडं ठेवणं, सैल सुती कपडे, टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही सोबत न्या, आणि चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा.