मुद्दलाला लागलेली काटकसर

पन्नास लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. पुण्या-ठाण्यात दोन बेडरूमचं घर घेणाऱ्या नोकरदार जोडप्याच्या बाबतीत हे आकडे आता नवलाचे राहिलेले नाहीत. महिन्याचा हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ७,९७४ रुपयांचं. वर्षभर एकही हप्ता न चुकवता ५ लाख २० हजार रुपये भरले, की कर्ज उतरलेलं दिसतं ते साधारण ९९,५०० रुपयांनी. बँकेचा तक्ता पाहून अनेकांना वाटतं, हिशेबात काहीतरी गफलत आहे. गफलत नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला जवळजवळ सगळंच मुद्दल शिल्लक असतं. हीच चाल शेवटपर्यंत ठेवली, तर पन्नास लाखांपायी १ कोटी ४ लाख रुपये मोजून होतात.

काटकसरीवर सल्ले देणारे सहसा हा तक्ता उघडत नाहीत. ते चहापासून सुरू करतात. ऑफिसबाहेरचा दोन वेळचा चहा सोडा, महिन्याला सात-आठशे वाचतील, वगैरे. वाचतात, नाही असं नाही. पण ज्या घरात चहा सोडायचा विचार चाललेला असतो, त्याच घरात ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांत आठ लाखांची गाडीही बुक झालेली असते. साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांच्या मुदतीने तिचा हप्ता तेरा हजारांच्या घरात जातो. सात वर्षांनी तो संपला तरी पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हे चालूच. तेच तेरा हजार दरमहा गृहकर्जात जास्तीचे भरत राहिलं, तर वीस वर्षांचं कर्ज पावणेबारा वर्षांत फिटतं. ज्यांचं काम गाडीवाचून अडतं त्यांनी ती जरूर घ्यावी. पण शनिवार-रविवारपुरती बाहेर निघणारी आणि एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खाणारी गाडी असेल, तर चहा सोडून काही साधणार नाही. चहा प्यावा.

लहान बचतींना मी कमी लेखत नाही. दिवसाला शंभर रुपये, म्हणजे महिन्याला तीन हजार, पहिल्या महिन्यापासून हप्त्याला जोडले तर वरचंच कर्ज तीन वर्षं आधी संपतं आणि नऊ लाखांच्या वर व्याज वाचतं. वर्षाअखेरीला एक हप्ता जास्तीचा भरण्याचा नेम ठेवला, तर मुदत तीन वर्षं चार महिन्यांनी घटते आणि व्याजाचे सुमारे दहा लाख वाचतात. अट एकच: वाचलेला पैसा मुद्दलापर्यंत पोचला पाहिजे. बहुतेक घरांतली काटकसर इथेच वाटेत सांडते. भाजीत वाचलेले दोनशे रुपये खात्यात पडून राहतात आणि ऑनलाइन सेलमध्ये एअरफ्रायर होऊन घरी येतात. म्हणून ज्यांना हे जमलंय, ते महिनाअखेरीला काय उरतं याची वाट पाहत नाहीत. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जास्तीची रक्कम कर्जखात्यात वळती करतात आणि उरलेल्यात महिना काढतात.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर पुढचे सुमारे अकरा हप्ते वाचतात. भरलेला लाख वजा केला, तरी पावणेचार लाखांच्या वर फायदा. तोच लाख पंधराव्या वर्षाअखेरीला भरला, तर साडेतीन हप्ते वाचतात आणि फायदा राहतो पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे ओढाताण करायचीच असेल तर ती पहिल्या पाच-सहा वर्षांत करावी. नेमकी हीच वर्षं उलट्या मोहाची असतात. नवं घर असतं, मॉड्युलर किचन हवं असतं, दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग हवं असतं, वास्तुशांतीला अडीचशे पानं उठवायची असतात. यातलं पुष्कळ काही पाच वर्षांनी करता येतं. जुना ओटा आणि साधी मांडणी असलेल्या स्वयंपाकघरातही पोळ्या तशाच फुगतात.

आधीच्या पिढीचा क्रम वेगळा होता. घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी मुंबईत हसमुख पारेख यांनी १९७७ मध्ये काढली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं नोकरदार माणूस प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आल्यावर घराचं बघायचा. तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची, काटकसर करायची, मग निवृत्तीच्या सुमारास घर. आता तिशीतच घर येतं आणि काटकसर त्याच्या मागून. बदल चांगलाच आहे. साठीत घर घेऊन त्यात राहायचं किती वर्षं? पण आधी साठवून मग खर्च करणाऱ्याला शिस्त आपोआप लागत होती, कारण पैसे साठल्याशिवाय घर मिळतच नव्हतं. आता घर आधीच मिळालेलं असतं आणि हप्ता खात्यातून परस्पर जातो. कर्ज नजरेआड होतं.

स्वयंपाकघराकडे वळू. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. लोकवन किंवा सिहोर, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. तूरडाळीला एरंडेल चोळून डबे भरायचे. घाऊक भावात किलोमागे काही रुपये सुटतात. पण माझ्या मते खरी बचत भावात होत नाही. घरात धान्य, डाळी, तिखट-मसाला भरलेला असला की मॉलमध्ये ट्रॉली ढकलायला जावं लागत नाही. पाच वस्तूंसाठी गेलेला माणूस तिथून पंधरा वस्तू घेऊन येतो, त्यातली दोन बिस्किटं ‘एकावर एक फुकट’ असतात आणि तिसऱ्या दिवशी मऊ पडतात. मुंबई ग्राहक पंचायतीचं काम १९७५ पासून चालू आहे. एकेका वस्तीतल्या सभासदांचा संघ महिन्याची यादी आधी भरतो, माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. यात स्वस्ताईइतकाच उपयोग त्या यादीचा. पुढच्या महिन्यात काय लागेल ते आधी लिहून द्यायचं म्हटलं, की निम्मी हौस कागदावर येतच नाही.

डब्याचंही तसंच. नवराबायको दोघंही बाहेर जेवत असतील, तर माणशी दीडशे रुपये धरले तरी महिन्याच्या बावीस-चोवीस दिवसांत सात हजार होतात. पण डब्याचा हिशेब मांडताना पहाटे उठून तो कोण करतं, हेही मांडावं. दोघांचा पगार हप्त्याला आणि डबा मात्र एकटीच्या झोपेतून, अशी काटकसर वर्षभरही टिकत नाही. टिकूही नये. रात्रीची भाजी थोडी जास्त करणं, पोळ्यांना बाई लावणं आणि डबा ज्याचा त्याने भरणं यात थोडे पैसे जातात. बाहेरच्या जेवणापेक्षा ते कमीच असतात. उरलेल्या भाताला फोडणी आणि शिळ्या पोळीचा कुस्करा यांच्याबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

विजेबाबत एक गैरसमज काढून टाकण्यासारखा आहे. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे बदलतात. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं समजून लोक महिनाअखेरीला पंखे बंद करत बसतात. तसं नसतं. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. दोन किलोवॉटचा गीझर तासाला दोन युनिटं घेतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावं. नऊ वॉटच्या एलईडी दिव्यावरून मुलांना ओरडण्यात अर्थ नाही.

भिशी मात्र मला कर्ज फेडणाऱ्यांसाठी फार सोयीची वाटते. दहा जणी, दरमहा दोन हजार, आणि आपला नंबर लागला की वीस हजार एकरकमी. व्याज नाही, पण नेम चुकवता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच नऊ जणींना तोंड दाखवायचं असतं. भिशी लागली की ती रक्कम थेट कर्जात. दिवाळीचा बोनस, रजेचे पैसे, वेतन आयोगाची थकबाकी यांचीही वाट तीच. पतपेढीतून मात्र घराच्या सजावटीसाठी आणखी कर्ज काढू नये, हमीदार कितीही ओळखीचे असले तरी.

पैसे भरायला गेल्यावर बँक विचारते किंवा विचारतही नाही: हप्ता कमी करायचा की मुदत? हे लेखी सांगावं आणि मुदत कमी करून घ्यावी. हप्ता कमी केला तर महिन्याला थोडं मोकळं वाटतं, पण सुटलेले पैसे घरखर्चात विरघळतात. तरत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी परतफेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने तो २०१२ मध्येच बंद केला. कुणी फी सांगितली, तर नियम विचारावा.

दर वाढतात तेव्हा काय होतं, ते २०२२ मध्ये अनेकांनी अनुभवलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असल्याने ती वाढ सरळ कर्जदारावर आली. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी पन्नास लाख घेतलेल्याचा हप्ता ३८ हजारांचा होता. दर सव्वानऊ झाला तेव्हा त्याचं मुद्दल समजा ४८ लाख उरलेलं. त्यावर महिन्याचं व्याजच ३७ हजार! हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला एकोणचाळीस वर्षं लागली असती. कित्येकांच्या बाबतीत बँकेने हप्ता फारसा न वाढवता मुदत ताणली आणि एखाद्या मेसेजवर काम भागवलं. घरी भाजीच्या जुडीवर दोन रुपये घासाघीस चाललेली आणि तिकडे कर्जाला दहा-पंधरा वर्षं चिकटलेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याला लगाम घातला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो, हप्त्यातून व्याजही न फिटण्याची वेळ येऊ देता येत नाही, आणि दर तिमाहीला किती मुद्दल फिटलं, किती हप्ते उरले याचं विवरण द्यावं लागतं. ते विवरण वाचणं ही दहा मिनिटांची काटकसर आहे. २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर उतरला, तेव्हा हप्ता होता तेवढाच ठेवून मुदत घटवून घेणाऱ्यांनी फार काही न करता मोठी मजल मारली.

‘कर्ज फेडू नका, एसआयपी करा’ असं सांगणारेही भेटतात. शेअर बाजारात दीर्घ मुदतीत जास्त परतावा मिळू शकतो, हे खरं. पण तो मिळेलच याची खात्री नसते, आणि फेडलेल्या कर्जावरचं साडेआठ टक्के व्याज नक्की वाचतं, त्यावर करही नाही. करसवलतीसाठी कर्ज ठेवावं, हा युक्तिवाद तर पुष्कळांच्या बाबतीत आता संपलाच. जुन्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे. नव्या रचनेत ती मिळत नाही. आमच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याजच ४ लाख २१ हजार आहे.

जिथे हात आखडू नये, त्या जागा मोजक्या आहेत. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नये. मुद्दलात गेलेला पैसा नोकरी सुटल्यावर परत मागता येत नाही. आरोग्यविमा चालू ठेवावा. कर्जाएवढा साधा मुदतीचा विमा स्वतंत्र घ्यावा. कर्ज देताना एकरकमी हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारून तिचे पैसे कर्जातच मिळवले, तर त्या हप्त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. घरकामाच्या बाईंची पगारवाढ रोखून कर्ज फेडणं हे तर दुसऱ्याच्या खिशातून फेडणं झालं. आणि मुलांच्या सहलीचे पैसे भरावेत.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं कर्जदात्याला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. त्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नाहरकत पत्र घ्यावं, खरेदीखत आणि इंडेक्स दोन यादीप्रमाणे तपासून घ्यावेत. सोसायटीच्या दफ्तरी कर्जाची नोंद असेल तर सेक्रेटरींना अर्ज द्यावा. बंगला किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं नाव बसलेलं असतं. ते आपोआप जात नाही, त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज आणि बँकेचं पत्र लागतं.