आतड्यातली देवाणघेवाण

निपाणीत दुखणे हाताबाहेर गेले की रुग्णाला उत्तरेला कोल्हापूर नाहीतर दक्षिणेला बेळगाव गाठावे लागते. कधी आधी एक, मग दुसरे. सोबत फाईल असते, एक्स-रे असतात. आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंची नोंद मात्र कुठेच नसते, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके तिथेच हस्तांतरित होत असतात.

याचा लख्ख पुरावा 2008 मध्ये स्वीडनमध्ये मिळाला. नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या, भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला. कार्बापेनेम गटातली राखीव औषधेही तो निकामी करत होता. त्याच्यातले नवे जनुक म्हणजे एनडीएम-1. पुढे त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही ते निघाले. जिवाणूची जात वेगळी, जनुक तेच!

असे जनुक बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असते. दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात, कड्याचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोघेही आपापला जोडधागा तयार करून घेतात. विरजण दिल्याने देणारीचे दही संपत नाही, तसेच हे. एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. मग त्यांतले कोणतेही एक औषध दिले, तरी साधे जिवाणू मरतात आणि मोकळ्या जागेत कडेवाले सगळ्या जनुकांसह फोफावतात.

एनडीएम-1 त्या एका रुग्णापुरते नव्हते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने मार्च 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जिवाणू-नमुन्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 होते.

म्हणून प्रतिजैविके द्यायचीच नाहीत? तसे मुळीच नाही. सात देशांतल्या 29 हजारांवर बाळंतिणींच्या चाचणीत बेळगाव आणि नागपूर ही भारतातली केंद्रे होती. प्रसूतिकळांच्या वेळी अझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिल्यावर मातांमधले सेप्सिसचे (जंतुसंसर्गाने होणाऱ्या गंभीर आजाराचे) किंवा मृत्यूचे प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले, असे 2023 मध्ये जाहीर झाले. हा लाभ मोठा आहे. बाळांना मात्र तसा फायदा दिसला नाही. शिवाय हे औषध शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे जिवाणूंवरची नजर हटवून चालणार नाही.

निपाणीसारख्या सीमाभागात मला सगळ्यात निकडीची वाटते ती साधी गोष्ट: आधीच्या रुग्णालयात कोणते प्रतिजैविक किती दिवस दिले आणि कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काय वाढले, हे पुढच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळणे. त्यावरून औषध निवडता येते, गरज पडली तर रुग्णाला वेगळे ठेवता येते. डिस्चार्ज घेताना नातेवाइकांनी कल्चर रिपोर्टची प्रत आवर्जून मागून घ्यावी.