हौदाचे नळ बदलताना

सुरतकरांना तापीमाईची माया आणि तिचा कोप, दोन्ही परिचित आहेत. ऑगस्ट २००६ च्या महापुराने आमच्या परसातील पोहण्याचा हौद गाळाने भरला आणि जमिनीतील नळ बुजले. नवे नळ घालताना आम्ही काटकसर केली. पंपाचे तोंड दीड इंची, म्हणून पाणी ओढणारा नळही दीड इंचीच घेतला. पंप सुरू होताच खडखडू लागला आणि नवी फरशी पुन्हा उखडावी लागली.

चूक हिशेबाची होती. मिनिटाला २०० लिटर पाणी दीड इंची नळातून सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने धावते. दोन इंची नळातून पावणेदोन मीटरहूनही कमी वेगाने, आणि घर्षण जवळजवळ चौथाईवर येते. हौदाहून उंचावरील पंपाला ओढीच्या बाजूस केवळ हवेच्या दाबाचा आधार असतो. म्हणून तेथे नळ मोठा व वळणे थोडी हवीत.

तळाशी आता आम्ही तीन फुटांवर दोन जाळ्या एकाच नळास जोडल्या आहेत. एकीवर एखादे मूल ओढले गेले, तरी दुसरीतून पाणी वाहत राहते आणि ओढ सैलावते.

ज्या वाचकांना असे काम काढायचे असेल, त्यांनी खोदाईपूर्वीच हा हिशेब मांडावा.