न खेळलेल्याचे जाणतेपण

कोठीहून फत्तेमैदान फार दूर नाही. तेथे नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पॉली उम्रीगर ह्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीतील ते भारतीयाचे पहिले द्विशतक. असा खेळ दूरच्या श्रोत्यापुढे केवळ शब्दांनी उभा करावयाचा, हे आकाशवाणीवरील समालोचकाचे काम. परंतु बोलणारा जाणता आहे, हे श्रोता कशावरून ओळखतो?

एक खूण नेमक्या शब्दाची. ‘सुंदर फटका’ असे कोणीही म्हणेल. चेंडू आखूड पडला, फलंदाज मागच्या पायावर गेला, कव्हरचा क्षेत्ररक्षक जागचा हललाही नाही, असे जो सांगतो त्याने पाहिलेले असते. बाळ ज. पंडित ह्यांनी हे मराठीतून केले. पायचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक हे शब्द कागदावर किंचित जड वाटतात खरे; धावत्या वर्णनात ते हलके होतात.

दुसरी खूण धाडसाची. गडी बाद झाल्यावर कारण सांगावयास पांडित्य लागत नाही. चेंडू पडण्यापूर्वी अंदाज बांधावा आणि तो चुकल्यास त्याच दमात कबूल करावे, म्हणजे विश्वास वाढतो. फळ्यावरची आपली चूक आपणच पुसणाऱ्या शिक्षकाविषयी आमचा अनुभव असाच आहे.

पंडित स्वतः रणजी सामने खेळलेले होते. न खेळलेल्याने काय करावे? १९६१ साली हैदराबादेतच एका मराठी घरात जन्मलेले हर्षा भोगले उस्मानिया विद्यापीठाचे रसायन अभियंता. प्रथम श्रेणीचा एकही सामना त्यांच्या नावावर नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी येथील आकाशवाणीवर समालोचनास आरंभ केला, आणि १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नभोवाणीने त्यांस पाचारण केले. शेजारी नामवंत माजी खेळाडू बसलेला असता अशा समालोचकाने फलंदाजीच्या तंत्रावर निवाडा दिला, तर ‘आपण किती खेळलात?’ हा प्रश्न ठरलेलाच. म्हणून तो आपले मत प्रश्नात घालतो : चेंडू इतका वळत असता स्लिपमध्ये एकच क्षेत्ररक्षक का? उत्तर खेळाडूच्या अनुभवाचे. पण विचारण्याजोगे काय आहे, हे हेरले दुसऱ्याने.

कविता न लिहिणाऱ्याने कवितेवर बोलावे काय, हा आक्षेप साहित्यसभांतून आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. आमचा कौल नेटके विचारणाऱ्याच्या बाजूने आहे. दूरचित्रवाणीवर तर त्याची कसोटी आणखी अवघड, कारण तेथे चेंडू सर्वांस दिसतच असतो. षटकार गेल्यावर जाणता समालोचक क्षणभर बोलतच नाही. मैदानाचा गजर ऐकू देतो.